निळी बाजू कोरी

९ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

चि. सूनबाईस,
सासूचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघं धडधाकट आहोत. तुझ्या नवऱ्याला या महिन्यात पहिली बस चालवायची असते, म्हणून तो अंधारातच घर सोडतो आणि दुपारी भिंती हलतील असा घोरतो. आत्ता घोरतोच आहे. मोरीचा नळ गळायचा थांबला. तुझ्या कुंड्यांना मी न चुकता पाणी घालते. एक झाड मेलं, पण ते मांजरामुळे, माझ्यामुळे नाही.

फोन असताना ही बाई पत्र का खरडत बसली, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागलं की तुझी लाडकी लेक मुंगी माझ्या कुशीत शिरून शब्दन् शब्द टिपते. दोन खोल्यांत लपून बोलायचं कुठं? ती शाळेत आहे तोवर लिहून घेते.

तर शाळेचंच सांगायचंय. वर्गातली बाकं काढून तिथं मोठाली टेबलं आणलीत, हे तुला मुंगीनं सांगितलं असेल. टेबलं कसली, आडवे पाडलेले टीव्हीच. वर काच, आत उजेड. चार बाजूंना चार पोरं उभी राहतात, आणि सगळ्यांनी एकदम बोटं लावली तरी त्याचा गोंधळ होत नाही. चित्रं बोटानं सरकवायची, ताणून मोठी करायची, समोरच्याकडे ढकलायची. खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी मला त्या टेबलाचा संशय आला होता. मी खाली वाकून पाहिलं, तर कुणी च्युइंगमसुद्धा चिकटवलेलं नाही. पोरांच्या हाताखालचं टेबल इतकं सोवळं असतं का कधी?

शिवाय ते चहाडखोर आहे. दर बाजूला एक रंग दिलाय, मुंगीची बाजू निळी. कुणी किती हात लावला, काय हलवलं, ते सगळं ते मनात ठेवतं आणि बाईंना सांगतं. बाईंच्या हातात एक चपटी पाटी असते, तिच्यावर ते रंग उमटतात. बाई चांगल्या आहेत, पण अर्धा वेळ त्या पाटीत डोकं घालून असतात.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.

“आजी, मुंगी काहीच करत नाही हो.”

“काहीच म्हणजे?”

“हे बघा. लाल भरलाय, पिवळा भरलाय, हिरवा भरलाय. निळा कोरा.”

“घरी तर तिची टकळी बंद होत नाही.”

“टेबल खोटं कशाला बोलेल, आजी?”

इथंच माझं टाळकं सरकलं. म्हणजे खोटं बोलायचं ते आम्हीच! पुढं म्हणाल्या, शुक्रवारी मोठ्या बाईंबरोबर बसून ठरवू, तिला खालच्या वर्गात बसवलं तर तिच्यावरचा ताण कमी होईल.

खालच्या वर्गात! आई दूर आहे म्हटलं की लोकांना पोर लगेच मागं पडलेली दिसायला लागते. तू नर्सचं शिकायला निघालीस तेव्हा तुझ्या सख्ख्या आईनं नाक मुरडलं होतं, आठवतंय ना? आणि मीच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तू खुशाल जा, मी आहे ना. आता पोरीला खाली ढकललं, तर मी कुणाला काय तोंड दाखवू?

घरी येऊन मुंगीला समोर बसवलं.

“टेबलाला हात का लावत नाहीस गं?”

“लावते.”

“मग?”

“त्याला मी आवडत नाही.”

एवढंच बोलली आणि उशीत तोंड खुपसलं. माझी खात्रीच पटली की पाणी कुठंतरी मुरतंय. आधी मला तिच्या टेबलावरच्या भोपळ्याचा संशय आला. भोपळ्या म्हणजे तो गोलमटोल मुलगा, लाल बाजूचा. तो दांडगाई करून हिचे तुकडे ओढत असणार. मग वाटलं, निळी बाजूच बिघडलेली असणार आणि शाळा ते झाकत असणार. मग बाईंचाही संशय आला, कशाबद्दल ते मात्र ठरेना.

शेवटी मोठ्या बाईंच्या मागं लागून गुरुवारी वर्गात बसायची परवानगी काढली. हातात टीप घालायचा परकर नेला, म्हणजे म्हातारी आपली शिवत बसलीय असं वाटावं. डोळे मात्र टेबलावर.

काचेवर एक गाव होतं, आणि टाकीपासून घराघरात पाण्याचे नळ न्यायचे होते. मुंगी हात मागं बांधून उभी. पण तोंड चाललेलं! “जाड नळी आधी... इथून नको, चढ आहे... आता वळव.” ती सांगणार आणि ती तिघं हलवणार. भोपळ्या तर तिच्या तोंडाकडे बघून बोट उचलत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोकं माझ्या नातीचं आणि रंग भरणार यांचे!

मी उठलेच. म्हटलं, “बाई, या पोरांच्या जागा बदला. आत्ताच्या आत्ता.”

बिचाऱ्यांनी बदलल्या. भोपळ्या निळ्या बाजूला आला, त्यानं बोट टेकवलं, काच लगेच निळी झाली. मुंगी लाल बाजूला गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोट ठेवलं. काही नाही. दुसरं ठेवलं. काही नाही.

“नीट दाब, बाळा,” बाई म्हणाल्या.

तेव्हा पिवळ्या बाजूची दोन वेण्यांची मुलगी पुटपुटली, “बाई, त्याला पट्टी कळत नाही. कातडी लागते.”

“कसली पट्टी?”

मुंगीनं झटकन हात मागं घेतले, आणि पुन्हा माझ्याकडेच पाहिलं. बाईंकडे नाही गं, माझ्याकडे.

इथपर्यंत लिहून मी उठले, उगाच पातेलं घासलं, वाळलेले कपडे आणले. आता घासायलाही काही उरलं नाही.

तू गेल्यापासून मुंगी बोटं कुरतडते. नखं केव्हाच संपली, आता टोकं सोलते. पहिल्यांदा उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले तेव्हा मी अभ्रा गुपचूप धुऊन टाकला. तुला कळवलं असतं तर तू मिळेल त्या गाडीनं परत आली असतीस, पुस्तकं तिथंच टाकून. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी कातडीच्या रंगाची चिकटपट्टी आणली आणि रोज सकाळी तिच्या दहाही बोटांची टोकं गुंडाळायला लागले. माझा हात शिवणाचा, लांबून कळूही नये अशी बसवत होते. आणि तिला बजावलं होतं, पट्टी काढायची नाही, कुणाला दाखवायची नाही, कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच नाही.

तिनं माझं ऐकलं. काच तिला ओळखेना, बाई टोचून बोलल्या, खालच्या वर्गाची भाषा झाली, तरी पोरीनं तोंड उघडलं नाही. मी दुनियेचा संशय घेत हिंडत होते, आणि पट्टीचं रीळ माझ्याच शिवणाच्या डब्यात.

मी खुर्चीत जाऊन बसले. भोपळ्या जवळ आला.

“आजी, आम्ही सांगणार नव्हतो. तिनं शपथ घातली होती. ती सांगते, आम्ही हलवतो. आमच्या टेबलाचं काम सगळ्यांच्या आधी पुरं होतं.”

“आणि तू तिचं काही हिसकावलंस का रे कधी?”

“खोडरबर. एकदाच.”

बाईंनी पाटी पालथी ठेवली, खाली बसल्या आणि ओल्या रुमालानं एकेक पट्टी सोडवली. बोटं कशी दिसतात ते मी लिहीत नाही. तू जखमा बघायला शिकतेयस, पण या वेगळ्या.

एक करंगळी जरा बरी होती. मुंगी आपल्या जागेवर गेली आणि ती टेकवली. इवलासा निळा ठिपका उमटला. मग म्हणते, “आजी, तू लाव.” मी लावलं, तर काच ढिम्म. सुईनं माझी बोटं निबर करून ठेवलीत. म्हटलं, “बघ, त्याला मीही आवडत नाही.” तिनं माझं बोट धरलं, त्यावर तोंडानं गरम वाफ सोडली आणि स्वतःच दाबलं. आला ठिपका. सगळी पोरं हसली. मीही हसले, पण मला बाहेर जावं लागलं.

खालच्या वर्गाचा विषय मोठ्या बाईंनी बंद केला. पण म्हणाल्या, तिच्या आईला कळवा, नाहीतर आम्ही कळवू. त्यांच्या तोंडून तुला कळावं, एवढा माझा त्यांच्यावर अजून भरवसा नाही. टेबलावरही नाही. निळं आता भरतं, तरी मी येता-जाता खिडकीतून नजर टाकतेच.

पट्टीचं रीळ टाकून दिलं. कुरतडणं थांबलेलं नाही, हेही तुला ठाऊक असू दे.

आता एक विचारते. काल रविवारी फोनवर तू म्हणालीस, “हात दाखव गं, केवढे मोठे झाले बघू.” सहज म्हणालीस, की तुला कुणकुण लागली होती? तेव्हापासून मला तुझाच संशय येतोय. ती हातांवर बसून राहिली, कारण मोबाइलच्या मागं उभी राहून मी तिला मानेनं नको म्हणत होते.

येत्या रविवारी पुन्हा विचार. मी मोबाइल तिच्या हातात देईन आणि बाहेर पायरीवर जाऊन बसेन. तुला रडू येईल. येऊ दे, तिच्यासमोरच येऊ दे. फोनमधल्या आईला नुसतं हसताच येतं असं तिला वाटतं. मग परत यायचं, चार दिवस यायचं, की तिथंच राहून शिकायचं, ते तुम्ही दोघी मिळून ठरवा. तुमच्या वतीनं मीच ठरवत बसले होते, ते आता बास.

“मी आहे ना” म्हटलं होतं, ते मागं घेत नाही.

पायरीवर बसलेली,
तुझी सासू