शॉर्ट नको

१४ तारीख, शनिवार, दुपारची भांडी आवरून

माझी लाडकी छकुली,

पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. तू वेळेवर जेवत असशील असं मी धरूनच चालते. विचारलं तर तू खोटंच सांगणार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, होडीला कोणती मोटार घेतलीत?" आणि मी नुसतं "चांगली घेतली" म्हटलं. काय करणार, तुझे आजोबा समोरच पेपर वाचत होते. म्हणजे पेपर धरून माझं बोलणं ऐकत होते. म्हणून कागदावर सांगते.

आपली होडी एवढीशी, शिडाची. वारा असला की कुणाचं मिंधं व्हायला नको. पण धक्क्यातून बाहेर पडायला आणि वारा पडला तर घरी यायला मागे मोटार लागतेच. ती गेल्या महिन्यात ऐन पाण्यात चालू होईना. मासेवाल्यांनी यांना ओढून आणलं. झालं, तुझ्या बाबानं फर्मान काढलं, भरवशाची मोटार बसवा, नाहीतर मी येऊन होडी विकतो. लहानपणी न्हाणीघरातल्या बादलीला घाबरायचा हा, आता पाण्यावरचे कायदे सांगतो! पण हे त्या दिवशी ताटावरून तसेच उठले गं. होडी गेली तर हा माणूस खिडकीशी बसून वाळून जाईल.

मग गेलो दुकानात. तिथे दोन मोटारी. एक दोरी ओढून चालू करायची, दुसरी बटणाची. हे थेट दोरीवालीपाशी. "हीच. माणसानं दोरी ओढावी, मोटारीनं खोकावं, तेव्हा कुठे निघाल्यासारखं वाटतं."

दुकानदार म्हणाला, "काका, पण ही शॉर्ट आहे."

मी उसळलेच. "शॉर्ट झालेली मोटार विकता? आमचा मिक्सर असाच शॉर्ट झाला होता, घर पेटायचं बाकी होतं!"

सगळं दुकान हसलं. "काकी, शॉर्ट म्हणजे आखूड," तो म्हणाला. "पंख्याचा दांडा आखूड. तुमच्या होडीची पाठ उंच, लाटेवर पंखा पाण्याबाहेर येईल. लांब दांड्याची घ्या. पण ती बटणाचीच आहे."

"जुनीही आखूडच होती," हे म्हणाले. "खाली सरकवून बसवू."

मला तेव्हाच कळलं होतं गं. शाळा सुटली दुसरीत, पण जन्म गेला कपडे शिवण्यात, मला लांब-आखूड कळणार नाही? पण कळू दिलं नाही. "शॉर्ट म्हणजे शॉर्ट. मला नको. पाण्यात शॉक बसला म्हणजे?" यांनी समजावलं, दुकानदारानं चित्र काढून दाखवलं, मी आपली ढिम्म. शेवटी यांनी डावा हात कपाळावर मारून घेतला. "द्या बाबा ती बटणवाली. हिच्यापुढे कुणाचं चाललंय?"

डावाच हात. आता विषय निघालाच आहे तर सांगते. जुनी मोटार बिघडली नव्हतीच. मेकॅनिक आला तेव्हा हे आत पडले होते. त्यानं दोरी ओढली, पहिल्याच झटक्याला सुरू. "काकी, हिला काय धाड भरलीय?" म्हणाला. मी म्हटलं, "बिघडलीय." त्यानं आत पडलेल्या यांच्याकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बरं. बिघडलीय."

गेल्या वर्षीच्या त्या आजारपणानंतर यांच्या उजव्या हातात दोरी ओढण्याएवढा जोर आलाच नाही, छकुले. मी चहाच्या कपाचा कान डावीकडे करून ठेवते, हे उचलतात. बोलत कुणीच नाही.

काल नवी मोटार लावून निघालो. निघालो म्हणजे मीसुद्धा! इतकी वर्षं मी धक्क्यावरून डबा देणारी. यांचं म्हणणं, बायकोच्या बडबडीनं वारा पळतो. काल आपणहून म्हणाले, "चल. बटणाची हौस तुझी, तूच दाब." दाबलं. अशी गुरगुरली, मी दचकून यांच्याच अंगावर!

बाहेर वारा लागला, मोटार बंद केली. शीड वर चढवायचं होतं. यांनी डाव्या हातानं दोरी थोडी ओढली, थांबले, आणि माझ्याकडे न बघता तिचं टोक माझ्या मांडीवर टाकलं.

"ओढ," म्हणाले. "एकट्याच्यानं होत नाही आता."

एवढंच. मी ओढली गं! शीड भरलं, होडी कलली, मी किंचाळले. हे किती दिवसांनी हसले! म्हणतात, "किंचाळ, किंचाळ. वारा भरपूर आहे."

बाबाला हाताचं मी सांगेन, सवडीनं. तू तूर्त एवढंच सांग, की होडी विकायची नाही, तिच्यावर आता दोन माणसं आहेत.

तळहाताला फोड आलेली आणि तो दारोदार दाखवत सुटलेली,
तुझी आजी