लाल चवळीची खीर आणि केतकीचं सासर

रविवार, १० डिसेंबर २००६, पिस्कॅटवे

केतकीच्या होणाऱ्या सासरच्यांनी आज आम्हाला त्यांच्या आवडत्या जुन्या कोरियन चहाघरात नेलं. थंडीतली खास लाल चवळीची गरम खीर, वर आलं-दालचिनीचा काढा. खीर उत्तम, पण माझं लक्ष कुठे? ही माणसं किती हळू बोलतात! आमची केतकी म्हणजे लवंगी माळ. अशा घरात गुदमरेल पोरगी, हेच महिनाभर डोक्यात.

तेवढ्यात होणाऱ्या जावयाच्या, डॅनियलच्या, आजीने खिरीत आणखी साखर ओतली.

"हालमोनी, शुगर वाढलीय ना?" आजींना असं म्हणत केतकीने वाटीच ओढली. माझ्या बायकोचा, शुभाचा, चेहरा पडला. मी कान टवकारले. आजी कोरियनमध्ये तडतडल्या, केतकीने मोडक्या कोरियनमध्ये परतवलं, आणि डॅनियलची गोगलगाय आई? केतकीच्या बाजूने अशी कडाडली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"अंकल, घरी रोज हेच चालतं," डॅनियल ओशाळून म्हणाला. आजी हसत हसत केतकीच्याच वाटीत चमचा घालत होत्या.

म्हणजे आजवर आमच्यासमोर नुसता शिष्टाचार! जीव भांड्यात पडला. ही खीर तेव्हा कुठे चवीने खाल्ली.

गाडीत शुभा म्हणते, "केवढ्याने बोलतात हो! केतकीला झेपेल ना?"

विचारतंय कोण, तर केतकीची आई!