उंट आणि विलीनीकरण

४ मार्च

झाले! झाले! झाले!

सीईओ. मी! भागीदारांनी हात वर केले तेव्हा क्षणभर वाटलं, पंखा बंद करा म्हणताहेत. मग मोठे साहेब उठले आणि त्यांनी टाळी वाजवली. ही हिशेबतपासनिसांची फर्म त्यांनीच उभी केली, आणि आजवर त्यांना टाळी वाजवताना कुणी बघितलेलं नाही — डास मारतानासुद्धा नाही.

घरी आले तर ताई कपडे वाळत घालत होती. सांगितलं. "म्हणजे आता रोज उशीर," म्हणाली, आणि तोंडातला चिमटा तसाच धरून रडायला लागली. या घरात आम्ही दोघीच. थोरली ती, नवरा गेलेला. धाकटी मी, बिनलग्नाची, वय वर्षं बावन्न — आणि सीईओ!

पलंगावर उडी मारली. एक फळी मोडली. ताईला अजून सांगितलेलं नाही.

९ मार्च

खुर्ची इतकी उंच की पाय अधांतरी. टेबलाखाली जुन्या फायली रचून त्यावर टेकवलेत. बाहेरून रुबाब कायम.

दुपारी मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं. "नीट ऐक. ही फर्म एकटी फार दिवस तग धरणार नाही. आम्ही भागीदार म्हातारे झालो, हुशार पोरं दोन वर्षांत पळतात. चौकातल्या फर्मशी विलीनीकरणाची बोलणी लावलीयत. ती तू तडीस ने."

"चौकातली? साहेब, ते तर आपले हाडवैरी!"

"म्हणून तर. एकमेकांचं सगळं माहीत असतं."

१६ मार्च

पहिली बैठक. त्यांचा सीईओ इतका उंच, की दारातून वाकून आत आला आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहिला. उंट! दोन पायांत दोन रंगांचे मोजे. मी मान खाली घालून कागद चाळत बसले — हसू फुटेल या भीतीनं.

बरं झालं चाळले. त्यांच्या वाढीच्या तक्त्यात एकच ग्राहक दोन मथळ्यांखाली धरलेला. सांगितलं. त्यांच्याकडची माणसं पांढरीफटक. उंटानं तक्ता डोळ्यांजवळ नेला, बघितला, आणि मान मागे टाकून जो हसला! "हे आमच्याकडे सगळ्यांनी तपासलंय. मी तर दोनदा."

१७ मार्च

हसताना त्याचे खांदे हलतात. विलीनीकरणाच्या दृष्टीनं ही बाब बिनमहत्त्वाची आहे.

२३ मार्च

आज तास न् तास एकच वाद — नव्या फर्मच्या नावात आधी कोण? शेवटी उंट म्हणाला, "नाणं उडवू."

आमच्याकडचा खोडरबर — म्हणजे माझ्या खालोखालचा भागीदार, कुणीही काही सुचवलं की आधी पुसून टाकतो — गंभीरपणे म्हणाला, "नाणं कोणत्या फर्मचं?"

सगळे विचारात पडले. हसलो फक्त आम्ही दोघं. एकदमच!

२४ मार्च

आज बैठक नव्हती. उगाच अत्तर लावून गेले.

३० मार्च

ताईला वास लागला. अत्तराचा नव्हे, दुसराच.

"कोण आहे?"

"कुठं कोण?"

"बये, तू आज भांडी घासताना गात होतीस. तुला गाता येत नाही."

सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उंट तर उंट. पण तू त्याच्याशी फर्मचा सौदा करतेयस ना? मग हे तुझ्या लोकांना ठाऊक नको?"

ताई एम.ए. झालेली, पण हिशेबातलं तिला ओ का ठो कळत नाही. तरी बोट बरोब्बर दुखऱ्या जागी. नवीन मुलांना वर्षानुवर्षं मीच शिकवत आलेय — कामात तुमचा खासगी ओढा असेल तर दुसऱ्यानं शोधायच्या आत तुम्हीच सांगा!

६ एप्रिल

सांगितलं. भागीदारांच्या बैठकीत, शेवटचा विषय म्हणून.

"मला एक वैयक्तिक हितसंबंध जाहीर करायचाय. चौकातल्या फर्मबाबत."

"शेअर?" खोडरबर.

"नाही. त्यांचे सीईओ."

"त्यांचं काय?"

"आवडतात मला."

कुणाचं तरी पेन घरंगळत टेबलाच्या टोकापर्यंत गेलं आणि खाली पडलं. सगळ्यांनी ते पडू दिलं. मग मोठ्या साहेबांनी घसा खाकरला. "दोन्ही बाजूंनी आहे का?"

"कल्पना नाही."

"मग जाहीर काय केलंस? अर्धंच! आधी विचारून ये."

हशा! खोडरबरसुद्धा! शेवटी ठरलं — यापुढची बोलणी खोडरबर करणार, आणि मतदान होईपर्यंत मी उंटाशी विलीनीकरणावर अवाक्षर काढायचं नाही. मत मात्र मला द्यायचंच. "तू कुणीकडे झुकतेस ते आता सगळ्यांना ठाऊक झालं," मोठे साहेब म्हणाले. "झाकलेलं झुकणं वाईट."

७ एप्रिल

लिफ्ट बंद. ऑफिसच्या जिन्यात उंटाची गाठ पडली. तो वर येतोय, मी खाली उतरतेय. एरवी त्याच्याकडे बघायला मान दुखते, आज तो दोन पायऱ्या खाली — नाकासमोर नाक!

"आजपासून बोलणी मी करणार नाही," म्हटलं. "हितसंबंध जाहीर करावा लागला."

"कसला?"

"तुमचा."

तो मटकन पायरीवर बसला. मला वाटलं, चक्कर आली.

"मी गेल्या आठवड्यातच केला," म्हणाला.

"काय केलंत?"

"जाहीर. माझ्या भागीदारांपुढे. एकानं वकिलाला विचारा म्हटलं. आज तेच सांगायला निघालो होतो, की मीही बाजूला झालोय."

मग मीही बसले. जाणारे-येणारे आम्हाला ओलांडून जात होते. बसलो होतो आम्ही, दोन फर्मचे प्रमुख, वर्गाबाहेर काढल्यासारखे!

१९ एप्रिल

नदीकाठी फिरलो. कामाचा विषय बंद, म्हणून बाकी सगळे उघडे. त्याच्या घटस्फोटाला पुष्कळ वर्षं झाली. एवढा ताडमाड गडी कुत्र्याला घाबरतो. पिल्लू होतं हो! माझ्या मागं लपला. माझ्या मागं! मी जेमतेम त्याच्या खांद्यापर्यंत.

हसून हसून बरगड्या दुखताहेत.

२ मे

विलीनीकरणाचा अंतिम मसुदा आला. त्यांची एक अट — नदीपलीकडची आपली शाखा बंद करायची. माणसांना घरी बसवायचं. "तोट्यात नाही, पण मोठीही होणार नाही," असं कारण.

त्याच शाखेत मी नोकरीला लागले होते. बेकरीच्या वरचा मजला. दुकानदार, शिंपी, टॅक्सीवाले — त्यांचे कर भरायचे, त्यांच्यासाठी सरकारी कचेरीत भांडायचं. धंदा काय असतो ते मला तिथं कळलं.

खाली उंटाची सही नाही. पण सीईओ आहे, त्याला ठाऊक असणारच. आणि विचारायची सोय नाही!

भेटायला येत नाही, असं त्याला कळवलं. कारण दिलं नाही.

५ मे

शाखेत जाऊन आले. शाखाप्रमुख माझ्याच बरोबरीनं लागलेली. जिना चढून पोचते न पोचते तोच म्हणाली, "बंद करायला आलीस की बघायला?"

"बघायला."

"मग नीट बघ. तू सीईओ झालीस त्या दिवशी खालून केक आणून वाटला आम्ही. म्हटलं, आपल्यातली गेली वर."



११ मे

मतदान.

खोडरबर म्हणाला, "ती अट पुसायला मी जंग जंग पछाडलं. हटले नाहीत."

उभी राहिले. "माझा ओढा कुणीकडे आहे ते तुम्हाला माहीत आहे. तरीही माझं मत — नको. पोरं पळतात, कारण भागीदार व्हायला आपण त्यांना केस पिकेपर्यंत थांबवतो. पुढच्या वर्षीच त्यांच्यातल्या काहींना भागीदार करू. शाखाप्रमुखालाही. त्यांचा वाटा आपल्या प्रत्येकाच्या वाट्यातून जाईल."

स्वतःच्या ताटातलं काढून द्यायचं म्हटल्यावर सगळे चष्मे पुसायला लागले. मग मोठे साहेब: "माझ्यापासून सुरुवात कर."

विलीनीकरण फेटाळलं. माझी योजना मंजूर. खोडरबरनं हात वर केला — दोन्ही!

जिंकले. केवढी जिंकले! आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसलेय. त्याचा फोन नाही. ताई म्हणते, तू कर. काय सांगू? तुमचा सौदा मी मोडला?

१२ मे

सकाळी खोडरबरचा फोन. श्वास न घेता बोलत होता. त्यांच्याकडचं मतदान परवाच झालेलं. ठराव मंजूर, विरोधात एकच मत — त्यांच्या सीईओचं! "ती शाखा बंद करणारा ठराव माझ्या हातून राबवला जाणार नाही," असं सांगून त्यानं राजीनामा दिला आणि उठून निघून आला. आमचं मतदान व्हायचं होतं, म्हणून मला अवाक्षर नाही.

बेल वाजली. ताईनं दार उघडलंय. खालून ओरडतेय —

"अगं, एक गृहस्थ आलेत. सध्या कामधंदा काही नाही म्हणतात. आत घेऊ का?"