अण्णांच्या मानेतले दोन मणके

लातूर, ६ जानेवारी २०२४

ती. सत्यशीलाताईस,
शिवशंकरचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन सासूबाई स्पीकरवर लावतात, म्हणून ट्रकमध्ये केळी भरायला अर्धापूरला येणाऱ्या माणिकप्पाच्या हाती हे पत्र देतो आहे.

अण्णांच्या मानेचा एमआरआय झाला. दोन मणक्यांचा रंग बदलला आहे आणि मज्जारज्जूवर दाब आहे. त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावतो. डॉक्टर म्हणाले, नुसत्या फोटोवरून कारण सांगता येत नाही. क्षयरोग असेल, कुठली तरी कर्करोगाची गाठ मणक्यांत पसरली असेल, किंवा गुरांपासून होणारा ताप हाडात उतरला असेल. झीज म्हणावी, तर रोज संध्याकाळी ताप आणि घाम का येतो?

घरची गाय गाभडली होती का, तिचा गर्भ पडला होता का, असंही त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, न्हाई, आमची जनावरं चांगली हायती. पण माझ्याकडे बघेनात. नागपंचमीला तू माहेरी होतीस. खरं काय ते लिही.

लहान भावावर माया ठेव.
शिवशंकर


अर्धापूर, ९ जानेवारी

चि. शिवशंकरास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांना तू किती पिडलं असशील ते कळतंय. शाळेत मास्तरसुद्धा तुझ्या प्रश्नांपुढं हात जोडायचे.

हाव, कपिली गाभडली होती. वार पोटातच अडकली, ती अण्णांनी उघड्या हातानं ओढून काढली आणि मला शपथ घातली. लग्नात कबूल केलेली गाय तीच होती, मग तीच इकडं पाठवली. खोटं जनावर दिलं म्हणून मला जन्मभर ऐकावं लागेल, याचं त्यांना भ्या. आणि ऐकवण्यात आमच्या सासूबाई लई हुशार! पण पाचवा महिना लागल्यापासून त्याच मला रोज कपिलीचं धारोष्ण दूध पाजतात, अगदी मायेनं.

मी शपथ मोडली, हे अण्णांना सांग. त्यांना जप.
तुझी ताई


लातूर, १३ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. शपथ मोडल्याचं ऐकून चिडले. धारोष्ण दुधाचं ऐकलं, आणि मग स्वतःच डॉक्टरांना सगळं बोलले. त्याच संध्याकाळी त्यांनी तुझ्या सासऱ्यांना, बसलिंगप्पांना, फोन लावायला लावला. मोबाइल मी कानाशी धरला. गाय गाभडलेली होती, माझ्या लेकीला ते दूध देऊ नका, एवढं म्हणाले. पलीकडून फोन ठेवला. तेव्हापासून तुझ्या घरचा फोन बंदच आहे.

अण्णांच्या रक्तात गुरांचाच ताप निघाला. कर्करोग नाही. औषध चालू झालं, पण उजव्या हातात पेला धरवत नाही, आणि पुढे धरवेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत.

कच्चं दूध आजच सोड आणि रक्त तपासून घे. पोटातल्या बाळाला या तापाचा धोका असतो, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. अण्णा आता स्वतःच्या मानेचं काही विचारत नाहीत. तुला संध्याकाळी ताप येतो का, तेवढंच विचारतात.

माणिकप्पाला थांबायला सांगितलं आहे. एका ओळीत कळव.
तुझाच,
शिवशंकर