काचेखालची पट्टी

आप्पा, तुमची गाडी काल पेणला गेली. तिच्या पट्ट्यांनी गेले तीन आठवडे माझा जीव खाल्ला, आणि शेवटी ड्रायव्हरच्या बाजूची एक पट्टी न बसवताच ती द्यावी लागली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढी वर्षं ती रोह्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दादा म्हणत होता, भंगारात दे. पण पेणच्या एका शाळामास्तरांना जुन्या गाड्यांची हौस, त्यांनी मागितली. मला वाटलं, द्यायचीच तर नीट करून द्यावी. दारांच्या काचेखाली त्या चकचकीत पट्ट्या आहेत ना, त्या काळवंडून गेल्या होत्या. तेवढ्या काढून, पॉलिश करून पुन्हा बसवायच्या. एका रविवारचं काम, असं मी धरून चालले.

पहिलीच पट्टी काढताना वाकली. आतल्या क्लिपा हात लावताच तुटत होत्या. पॉलिशसाठी पेणला तीन खेपा घातल्या, तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, ह्या क्लिपा आता मिळायच्या नाय. काळा रबर लावा, कोन बघतंय?" मी बघते, असं म्हणून परत आले. दोन बोटं कापली. तुमच्यावर मनातल्या मनात चिडत होते, की दुसऱ्या कुणाची गाडी एवढी हट्टी नसेल.

मग ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी उचलली आणि खालून पुट्टीचा ढलपा निघाला. पत्रा गंजून वीतभर लांब भोक पडलेलं, त्यात कागदाचा बोळा कोंबलेला. बोळा उलगडला. माझ्या पाचवीच्या वहीचं पान. माझंच अक्षर, रायगड जिल्ह्यातल्या नद्या.

मी तिथेच शेडमध्ये खाली बसले. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही कंपनीतली पहिली शिफ्ट बदलून घेतली आहे, कारण निडीचे काका गाडी बघायला येणार आहेत. तुमचा लहानपणापासूनचा मित्र. तुमच्या साहेबाकडून घेतलेली ही गाडी आता ते घेणार. मी सकाळपासून गाडी पुसते आहे. ह्याच पट्टीच्या कडेला काळा मळ दिसतो, म्हणून स्वयंपाकघरातलं उलथणं आणून मी तिचं टोक जरासं उचलते. तुम्ही मागून येता आणि फाडकन मारता. त्याआधी कधी मारलं नव्हतंत, आप्पा.

"हात लावू नको म्हटलं व्हतं ना गो तुला?"

काका आले. त्यांनी दारावरून हात फिरवला, पट्टीखाली अंगठ्याने दाबून पाहिलं, चहा घेतला. "बघू, दिवाळी झाली की सांगतो," म्हणाले. दिवाळी झाली, ते आले नाहीत. पुढे कधीच आले नाहीत. आईने विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यादेखत म्हणालात, "पोरीनं पट्टीवर ओरखडा पाडला, तो बघून गेला." मी ते खरं मानलं. काकांकडच्या लग्नकार्यांना आपल्याला बोलावणं आलं नाही, त्यांच्या मयताला तुम्ही गेला नाहीत, आणि हे सगळं माझ्या उलथण्यामुळे झालं, असं मी पोरपणभर धरून होते. मोठी झाल्यावरही. शेजारच्या घरात कुणी नव्या वस्तूला हात लावायला दिला, तरी मी हात मागे घ्यायची.

भोक पडलं होतं तर सांगायचं होतं. एवढंच ना? "पत्रा गेलाय रे," असं म्हणायला काय लागत होतं? काका तुमचेच होते. हसले असते, शिवी दिली असती आणि गाडी घेऊन गेले असते. मला राग गंजाचा नाही. माझ्याच वहीचं पान फाडून तुम्ही ते भोक बुजवलंत आणि वर दोष माझ्यावर टाकलात, याचा आहे. त्या पानासाठी शाळेत बाईंनी मला उभं केलं होतं, हेही तुम्हाला माहीत नाही.

काल मास्तर आले तेव्हा मी आधी ते भोकच दाखवलं. ते वाकले, बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "जुन्या गाडीला एवढं चालायचंच. वेल्डिंग करून घेईन." दोन मिनिटं. तुम्हाला जे आयुष्यभर जमलं नाही, ते दोन मिनिटांत झालं.

मग पुट्टीचा तुकडा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पण हे असं बुजवून कुणी ठेवलं होतं?"

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं, आप्पा. नाहीतर तुम्हाला कळलं असतं की मी काय उत्तर दिलं. "आधीच्या साहेबानं," मी म्हटलं. "आमचे आप्पा असं करणारे नव्हते."