एकोणसाठाव्या पानापासून

देवास,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. माधव यास आशीर्वाद.

मी बरा आहे, थंडीत गुडघा धरतो एवढंच. धारला सगळे खुशाल असतील. ताईच्या तेराव्यानंतर मी तुला पत्र लिहिलं नाही, फोनही नाही. चूक माझी.

आधी बातमी. आपलं मराठी वाचनालय टिकलं. कमिटी त्याचा हॉल कोचिंग क्लासवाल्यांना देणार होती. सेक्रेटरी दीपेश म्हणाला, "काका, सब मोबाइल में है. इधर कौन आएगा?" मी म्हणालो, "मग मोबाइल घेऊनच येऊ देत." महिनाभराची मुदत मिळाली.

जन्मभर पीडब्ल्यूडीत नकाशे काढले, हा शेवटचा. कपाटं भिंतीला, मधे सतरंजी, खिडक्यांखाली बसायला ओटे, ओट्याशी चार्जिंग. प्रत्येक पुस्तकावर कोड. त्यावर मोबाइल धरला की कुणीतरी पुस्तक वाचून दाखवतं, मुलानं ओळीखाली बोट फिरवायचं. आपली मुलं मराठी बोलतात, वाचताना अडतात, तुझी शिवांगीसुद्धा. आवाज फक्त तिथल्या वायफायवर लागतो, म्हणून यावंच लागतं.

कल्पना तुझ्या ताईची.

ओटे झाले, कोड चिकटले, पण वाचून द्यायला कुणी मिळेना. तू तेराव्याला विचारलं होतंस, ताईचा आवाज कशात आहे का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. आजारपणात तिनं एकतीस पुस्तकं फोनवर वाचून ठेवली होती. प्रत्येकाच्या शेवटी ती म्हणते, "वाचलं सरला गोपाळराव मुजुमदार यांनी." लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. ते कुणाला ऐकवावंसं वाटेना. तुलाही.

मुदत संपायला चार दिवस होते, तेव्हा तिचा फोन दीपेशच्या हातात दिला.

आज उघडलं. सत्तेचाळीस मुलं आली. ओटे पुरले नाहीत. एका पुस्तकात ती मधेच म्हणते, "अहो, कुकर बंद करा." शेजारची चिऊ खुदकन हसली आणि तेवढंच तिनं पुन्हा लावलं. मग सगळ्यांनीच लावलं. दीपेश म्हणाला, "काकू ने तो सबको बिठा दिया." कोचिंगवाल्यांना त्यानंच फोन करून नाही कळवलं.

बत्तिसावं पुस्तक तिच्याकडून अर्धंच झालं. एकोणसाठाव्या पानापासून तू वाच. येत्या रविवारी ये, शिवांगीला आण. शेवटी नाव सांगताना ताईचंही घे.

तुझ्या ताईचे 'अहो',
गोपाळ