ऐंशी तासांचा पाहुणा

तीर्थरूप आत्या,

दोन्ही हात जोडून, पण खिशात स्क्रूड्रायव्हर असल्यामुळे जरा बेतानेच वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबांचं ब्लडप्रेशर (माझं नाव निघालं की वर जाणारं) ठीक आहे ना? मी खुशाल आहे. सातासमुद्रापलीकडे राहून दर रविवारी कान धरून तू मला मराठी शिकवलंस, त्याचं हे पत्र म्हणजे चीज समज. पत्र तपासून देऊ का, असं इथल्या वृद्धाश्रमात राहणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा विचारलं. पण मजकूर त्यांच्याबद्दलच असल्यामुळे मी पान झाकून बसलोय.

मी इथे भारतात सहा महिने स्वयंसेवक म्हणून यायला निघालो तेव्हा 'तीन आठवड्यांत परत येशील' असं बाबांनी भाकीत केलं होतं. ते खरं ठरायची वेळ आली होती, आणि मी आळशी म्हणून नव्हे बरं का. नियम असा की महिन्याला ऐंशी तास काम करायचं आणि तक्त्यात भरायचं. तास कमी पडले की संस्था घरी पाठवते. आणि इथल्या नऊ म्हाताऱ्यांनी मला कामाला हात लावू द्यायचा नाही असं एकमताने ठरवलेलं. (एरवी पंख्याच्या वेगावरही त्यांचं एकमत होत नाही.) मी झाडू उचलला की कुणीतरी तो काढून घेणार. एवढ्या लांबून लेकरू आलंय आणि झाडू मारतंय, लोक काय म्हणतील! भांडी घासायला गेलो तर स्वयंपाकीणबाईंनी स्टुलावर बसवून मलाच खायला घातलं. बादली उचलायला गेलो तर दुसऱ्या दिवशी बादलीच गायब. वीस तारखेला माझे एकूण तास झाले अकरा, आणि त्यातले चार मी अडगळीच्या खोलीत चुकून कोंडला गेलो होतो त्याचे.

शेवटी तक्ता घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो (त्या निवृत्त आहेत, पण फक्त कागदोपत्री) आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बघते म्हणाल्या. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून इमारतीला साडेसातीच लागली. जेवणाच्या टेबलाचा पाय निखळला, पडद्याची दांडी खाली आली, कपाटाची कडी हातात आली. खुर्च्या तर रोज दोन. जो तो मला हाका मारतोय आणि मी धावतोय. इतका उपयोगी मी जन्मात कुणाला पडलो नव्हतो, आत्या. छाती नुसती फुगून आली होती. आठ दिवसांत एकसष्ट तास! मग एका दुपारी शिंपीकाका स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली बसलेले दिसले. (वय एक्याऐंशी. वाकता येत नाही म्हणून रोज मला चपला शोधायला लावतात.) काहीतरी पडलंय ते शोधतोय, म्हणाले. सापडेल, असं मीही म्हणालो आणि त्यांना हात धरून बाहेर काढलं.

त्याच दिवशी संस्थेच्या तपासनीसबाई न कळवता आल्या. व्हरांड्यातली मोठी खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली गेली, आणि ती माझ्या चार वाजताच्या कामासाठी नुकतीच तयार करून ठेवलेली होती. नऊही जणांना ते माहीत होतं. जो तो छताकडे बघू लागला. बाई टेकल्या, खुर्चीने क्षणभर विचार केला आणि चारही पाय पसरले. बाई फरशीवर, हातात माझा तक्ता. लागलं मात्र काही नाही.

मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खोटं बोललेल्या नाहीत, तेव्हा खरंच बोलल्या: खुर्च्या आम्हीच खिळखिळ्या केल्या, मुलाचे तास भरत नव्हते. संपलं, म्हटलं. डोळ्यांपुढे दारात उभे असलेले बाबा दिसले. तपासनीसबाईंनी खालूनच विचारलं की काम नसलेला मुलगा हवाय कशाला? त्यावर नऊही जण एकदम सुरू झाले. शिंपीकाकांना रोज कोपऱ्यापर्यंत चालवत नेतो. कॅरममध्ये चिडतो, त्यामुळे खेळायला मजा येते. पेपर मोठ्याने वाचतो, तोही चुकीचा. आणि त्या चुका काढायला दोन वर्षं एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन आज्या हल्ली शेजारी बसतात. बाई एकेकाचे तास तक्त्यात लिहीत गेल्या. बेरीज गेली एकशे चाळीसच्या वर. सही केली, मग उठायला माझा हात मागितला आणि त्याचीही पाच मिनिटं लिहिली.

तुझा लाडका भाचा

ता. क. उरलेले पाच महिने पक्के झाले. बाबांना तू सांग, जेवण झाल्यावर, आणि जवळ पाणी ठेवून.

आणखी एक ता. क. पहिल्या आठवड्यात मी फोनवर रडून तुला परतीचं तिकीट काढायला लावलं होतं, ते परवाचं आहे. ते रद्द कर. खरं तर पत्र त्यासाठीच. बाबांना ते रडणं कळू देऊ नकोस.

शेवटचा ता. क. रद्द होत नसेल तरी काळजी करू नकोस. त्या तिकिटाचं मी काल बोलता बोलता शिंपीकाकांना सांगून बसलो. तेव्हापासून माझा पासपोर्ट सापडत नाही. नऊच्या नऊ जण शोधताहेत, आणि कुणालाही घाई नाही.